सावरदरीतले चोवीस धोंडे

गुरुवार, २ जानेवारी

पोहोचले एकदाची. उदगीर ते नांदेड एसटी, नांदेडहून आदिलाबादकडची गाडी, सहस्रकुंड स्टेशनावरून इस्लापूरपर्यंत टमटम आणि पुढचा तास मला घ्यायला आलेल्या इथल्या व्यंकटीकाकांच्या मोटारसायकलवर. कंबरेचा भुगा झालाय. पण तक्रार कोणाकडे करणार? हे दुखणं मी हौसेनं मागून घेतलंय.

पाच वर्षं लातूरच्या क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवलं. पोरं मला ‘डाउट मॅडम’ म्हणायची, कारण माझ्यासमोर कुठलाच डाउट टिकायचा नाही. सांबरावरचे चारही पर्याय तोंडपाठ, आणि सांबर मात्र जन्मात पाहिलेलं नाही! नांदेडच्या एका संस्थेला सावरदरीत निसर्गशिबिर सुरू करायचं होतं, तीन महिने राहून वाटा आखणारं, पक्षी-प्राण्यांची यादी करणारं माणूस हवं होतं. मी अर्ज टाकला आणि मग घरी सांगितलं. अप्पांनी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी शेतात सगळ्या पाहुण्यांसमोर अबोला धरला. आईनं, आमच्या अव्वानं, भज्जीचा डबा भरून दिला. धाकटा भाऊ मल्लेश तेवढा खूश आहे. पहिला गट रविवारी, बारा तारखेला येतोय. माझेच जुने सात विद्यार्थी, आता नांदेडला डॉक्टरकी शिकतात. त्यांच्याबरोबर तोही येणार. अक्काचं जंगल बघायचंय म्हणे.

दरीच्या तोंडाशी बारा-पंधरा घरांची वाडी आहे. तिथून पायवाट सुरू होते तिथे एक जुना मोह, आणि त्याच्या बुंध्याशी धोंड्यांची एक रास. व्यंकटीकाकांनी मला थांबवलं. आत जाणाऱ्यानं एक धोंडा इथं ठेवायचा आणि बाहेर येताना आपला आपण उचलून वाडीच्या बाजूला टाकायचा, अशी इथली रीत आहे म्हणाले. मी हसत एक उचलला, त्यांनी माझ्या फोनवर माझा फोटो काढला, आणि मी तो राशीवर टाकून दिला. देवळात शिरताना चप्पल काढावी, इतक्या सहज त्यांनीही आपला ठेवला.

मोहापासून वीस मिनिटं उतरलं की ओढ्याकाठी आमचा मुक्काम. तीन तंबू, पत्र्याचं स्वयंपाकघर आणि व्यंकटीकाकांच्या बायको कावेरीमावशी, ज्यांनी मी खाली टेकायच्या आत ज्वारीची गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढ्यात ठेवली. नवरा-बायको वाडीत राहतात, पण मी एकटी म्हणून मावशी झोपायला इथे येणार.

आज इतकी आनंदात आहे की झोप येणार नाही असं वाटतंय.

शुक्रवार, ३ जानेवारी

दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हे जवळूनही साजरेच आहेत. दोन्ही बाजूंना सागाचे उतार, मधून ओढा, आणि पार टोकाला कुंड, जिथे पन्नासेक फूट कड्यावरून पाण्याची बारीक धार पडते. दोर लावून उतरायला हा कडा फार छान आहे. पोरं वेडी होतील. काठावर अस्वलानं उकरलेली वारुळं दिसली, आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप पाणी प्यायला आला तेव्हा मी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही.

सगळ्यात जास्त वेळ वानरांत गेला. त्यांच्यातला एक उंच फांदीवर पहारा देतो. खाली बिबट्या चालू लागला की तो खाकरल्यासारखा ओरडतो, मग पुढच्या टोळीचा पहारेकरी ओरडतो, आणि नुसत्या आवाजांवरून जनावर कुठून कुठे निघालंय ते बसल्या जागी कळतं. हे मी पाच वर्षं फळ्यावर शिकवलं. आज कानांनी ऐकलं.

दुपारी व्यंकटीकाकांना विचारलं की एवढ्या सुंदर जागी वाडीतली माणसं का येत नाहीत. ते म्हणाले, “येतेत की. कामापुरते येतेत. दरीत वाट चुकायला लई वेळ लागत न्हाई, मॅडम.”

रविवार, ५ जानेवारी

आजचा दिवस सार्थकी लागला. काका-मावशी दोघंही इस्लापूरला सामान आणायला गेले होते आणि मी एकटीनं अख्खी वाट आखली.

वाट चुकते ना? मग खुणा करा! कुंडापासून दरीच्या तोंडापर्यंत ठरावीक अंतरावर एकेक धोंडा ठेवायचा, त्याला चुना फासायचा आणि गेरूनं बाण काढायचा. अडचण धोंड्यांची होती. ओढ्यातले एक तर बोराएवढे, नाहीतर म्हशीएवढे. मग मोहाखालची रास आठवली. सगळे हातात मावणारे, एकसारखे. मोजले तर चोवीस. नुसते पडून होते, त्यात माझाही एक असेलच. सॅकमध्ये भरून चार खेपा केल्या, तोंडाकडून सुरुवात करून शेवटची खेप कुंडाची. खांदे सोलून निघालेत.

कुंडाशी एक नंबर, इथे मुक्कामाशी सोळा, मोहाखाली चोवीस. सगळे बाण बाहेरच्या दिशेनं. पोरांसाठी फळीवर सूचनाही लिहून टांगली: वाट चुकलेल्यानं घाबरू नये, बाण धरून चालत राहावं, आपोआप माणसांत येईल.

माझं मलाच कौतुक वाटतंय.

सोमवार, ६ जानेवारी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी काहीतरी मोठी चूक केली आहे, आणि कोणी मला रागवतसुद्धा नाही.

सकाळी काका मोहाखालची रास उठलेली पाहून आले. मी आपली उत्साहानं खुणा दाखवायला निघाले. त्यांनी पहिला पांढरा धोंडा पाहिला आणि पायातल्या चपला काढल्या. मग हळूहळू सांगितलं. रोज आत-बाहेर करणारे आपला धोंडा उचलून नेतात. राशीत राहतात ते आत जाऊन परत न आलेल्यांचे. आजाच्या काळापासूनचे. त्यांना कोणी हात लावत नाही. धोंडा जिथे आहे तिथे राहिला की तो माणूसही आत जिथे आहे तिथे गप राहतो.

मी माफी मागितली, आत्ताच सगळे परत नेऊन ठेवते म्हणाले. तेवढ्यात कावेरीमावशी आल्या. त्यांनी विचारलं, बाणाची तोंडं कोणीकडं केलीस माय? मी म्हटलं, बाहेर. त्या काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. चार दिस ऱ्हाऊ द्या.”

त्यांचा मुलगा बबलू. बावीस वर्षांचा होता. नऊ वर्षांपूर्वी मोहोळ काढायला आत गेला. माझ्या चोवीसांत एक त्याचा आहे.

मला फार लाज वाटली. त्या माउलीला खुणा राहू द्याव्याशा वाटतात, तर राहू देत. श्रद्धा आहे त्यांची. रविवारी पोरं येऊन गेली की सगळे नीट परत रचून ठेवीन.

मंगळवार, ७ जानेवारी

भर दुपारी बारा वाजता कुंडाकडून वानर ओरडला. मी वही-पेन घेऊन बसले. बिबट्या असणार म्हणून खूश होते.

पण बिबट्या असा चालत नाही. ओरडा एक नंबरच्या खुणेशी झाला. मग सगळं शांत. बरोबर अर्ध्या तासानं दोन नंबरशी. पुन्हा अर्धा तास, मग तीन. जनावर झाडीतून जातं, दबा धरतं, मागे फिरतं. हे जे काही आहे ते आखलेल्या वाटेनं चालतं आणि प्रत्येक खुणेशी थांबतं. दुपारी दोनला पाच नंबरशी पोहोचलं आणि मग आवाज बंद झाला.

मावशींना सांगितलं. संध्याकाळी ओढ्याकाठी उभ्या राहून त्यांनी आत तोंड करून हाक मारली, बबलू, ये रे बाबा. आवाज इतका रोजचा होता, जेवायला बोलावल्यासारखा. खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

बुधवार, ८ जानेवारी

आज बारा वाजता ओरडा पाच नंबरशीच सुरू झाला. काल जिथे थांबला होता तिथूनच.

मी दुर्बीण घेऊन समोरच्या टेकाडावर चढले. तिथून आठ नंबरची खूण स्वच्छ दिसते. दीडला त्या खुणेवरच्या सगळ्या फांद्यांतली वानरं खाली बघत होती. पिल्लं पोटाशी धरून, एकाच जागी खाली बघत होती. मीही बघत होते. पांढरा धोंडा, लाल बाण, ऊन. बाकी काही नाही. मग त्यांच्या माना एकाच वेळी हळूहळू पुढे वळल्या, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं.

आज दहापर्यंत आलंय. रोज पाच खुणा. उद्या पंधरा. सोळा नंबर माझ्या तंबूशी आहे.

मावशींनी आज एक भाकरी जास्त केली. ताट वाढून ओढ्याकाठी ठेवलं. एक जुना सदरा धुऊन दोरीवर वाळत घातलाय.

मी उद्या सकाळी जाते. मल्लेशला आणि पोरांना येऊ नका म्हणून कळवलं पाहिजे. दरीत रेंज नाही, मोहाखाली आहे. वीस मिनिटांची तर वाट.

गुरुवार, ९ जानेवारी

जाता येत नाही.

सातला निघाले. चढ चढत राहिले. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, तास. वाट एकच आहे, फाटा नाही. तोंडाशी मोह दिसायला हवा तिथे पाण्याचा आवाज आला. मी कुंडाशी उभी होते. एक नंबरच्या धोंड्याशी.

पुन्हा निघाले. पुन्हा कुंड.

तिसऱ्या वेळी बाणांच्या दिशेनं पळत सुटले तेव्हा मुक्कामाला लागले. काका तंबूशी बसले होते. मी त्यांच्यावर ओरडले, हे काय आहे ते सांगा. त्यांनी मान खाली घालून सांगितलं. “तुमचा धोंडा आत हाय, मॅडम. ज्याचा धोंडा आत, त्यो आतच ऱ्हातो.” तो शोधून हातात घेऊन निघालं तर बाहेर पडता येईल.

मग मी विचारलं, बबलू आला तर? दरी उणी राहत नाही, काका म्हणाले. एक हरवलेला बाहेर गेला की एक आत राहतो. पण कोणीही उठून येत नाही, ज्याची कोणी वाट पाहतंय आणि हाक मारतंय तोच येतो. बाकीच्यांची वाट पाहणारं आता कोणी उरलेलं नाही.

म्हणजे ती आत राहणारी मी. हे त्यांना सोमवारपासून माहीत होतं. मावशींनी भाकरी वाढून दिली, केसांवरून हात फिरवला, जेव माय म्हणाल्या, तेव्हाही माहीत होतं.

काका रडत होते. मी त्यांना मल्लेशचा नंबर दिला. मला वाचवू नका, पण त्याला फोन करा, येऊ नकोस म्हणून सांगा, पोरांनाही थांबवायला सांगा. मान डोलवून “हाव,” म्हणाले. शपथेवर हाव म्हणाले.

दुपारी पंधरापर्यंत आलं. तंबूत मधाचा वास आहे. मध आणि धूर.

शुक्रवार, १० जानेवारी

माझा धोंडा कोणता? मीच सगळ्यांना चुना फासला. चोवीसच्या चोवीस सारखे.

फोनमध्ये पहिल्या दिवसाचा फोटो सापडला. मी दात काढून हसते आहे. हातात विटकरी रंगाचा धोंडा, एक कोपरा फुटलेला.

सकाळपासून घासते आहे. सोळापासून कुंडाकडे. काथ्यानं घासायचं, धुवायचं, बघायचं, ठेवायचं. पंधरा काळा. चौदा काळा. तेरा करडा. बोटांची सालं गेली. चुन्यानं आग होते.

साडेबारा वाजता माझ्या मागे, मुक्कामाशी, वानर ओरडला. मी अकरावर होते. म्हणजे ते मला ओलांडून गेलं होतं. की मी त्याला? मी वळले नाही. पाठीशी धूर, मध, आणि ओल्या कपड्यांचा वास—

नववा काळा, त्याला पांढरी रेघ. बबलूचा असेल. हात लावला तर कोमट होता. उन्हानं. उन्हानंच असेल.

आठ नाही. सात नाही.

चार नंबर. विटकरी. फुटका कोपरा. सापडला— सापडला!

बाणाच्या दिशेनं मुक्कामाला आले तोवर उन्हं गेली. मावशी नाहीत. ताट रिकामं. दोरीवर सदरा नाही. धोंडा पोटाशी धरून बसले आहे. उजाडलं की—

शनिवार, ११ जानेवारी

सकाळी सातला निघाले. सव्वासातला मोह दिसला. बाहेर! खाली बसून हमसून हमसून रडले. धोंडा वाडीच्या बाजूला भिरकावला.

मग फोन वाजायला लागला.

मल्लेश, काल संध्याकाळी: अक्का, व्यंकटीकाकांचा फोन आलता. तुला लई ताप आहे म्हणाले. रातच्याला निघतो.

मल्लेश, आज पावणेसात: पोचलो. काकांनी धोंडा ठेवायला लावला, मज्जाच आहे. येतोच खाली.

मी त्याच वाटेनं वर आले. वाट एकच आहे. तो मला भेटला नाही.

मोहाखाली माझ्या चोवीस नंबरशेजारी एकच नवा धोंडा आहे. माझ्या मुठीएवढा. मी उचलायला गेले. हलत नाही. दोन्ही हातांनी, पाय रोवून— हलत नाही.

साडेआठ

कावेरीमावशी आल्या. नवं लुगडं नेसून. माझ्याकडे पाहिलं नाही. वाटेकडे बघत उभ्या राहिल्या. मधाचा वास आला.

आज बारा वाजायच्या आतच वाटेनं एक मुलगा चढून आला. सडसडीत, ओले केस, अंगात तो धुतलेला सदरा. पायांत मल्लेशचे बूट. दिवाळीत लातूरला मीच घेऊन दिलेले.

मावशींनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याला घेऊन निघाल्या. माझ्यापाशी आल्यावर तो थांबला आणि त्यानं मला हात जोडले. वाट दाखवली म्हणून.

व्यंकटीकाका माझ्या पायांवर डोकं ठेवून गेले. बापाच्या वयाचा माणूस. लाथ मारावीशी वाटली. मारली नाही.

अकरा

हाका मारून घसा बसला. मल्लेश. मल्लेश. आतून काही नाही. अव्वाचा फोन येतोय. उचलत नाही. काय सांगू तिला—

मी आत गेले तर तो येईल. पण मग तो माझ्यासाठी परत आत जाईल. मला तो माहीत आहे. लहानपणी माझा मार तो खायचा.

तिसरं कोणीतरी—

नाही.

दीड

अंबिकाचा मेसेज. मॅडम, उद्या नऊपर्यंत पोचतो, सातजण पक्के, वाट सापडेल ना?

लिहिलं: येऊ नका, शिबिर रद्द. बराच वेळ बघत बसले. पाठवलं नाही. पुसलं.

चार

लिहिलं: या. वाटेवर बाण आहेत. मी तोंडाशीच थांबते.

पाठवलं.

आता कावेरीमावशी कळतात. कळायला नको होत्या. सोमवारी त्या नुसत्या उभ्या होत्या तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते आता माझ्या मनात चाललंय. देवा, माफ कर. सातही जणांना मी ओळखते. कोणाचं अक्षर कसं, कोण परीक्षेत घाबरतं, सगळं.

एकच पुरे. बाकीच्यांना मी वरच थांबवीन.

अंबिका नाही. एकुलती आहे. अयोध्याची आई दर रविवारी गावाहून डबा घेऊन क्लासच्या दाराशी उभी राहायची. ती नाही. आई हाका मारत बसेल, अयोध्या बाहेर येईल, आणि तिच्या जागी मल्लेशला पुन्हा— दयानंदचे आजोबा अजून आहेत.

ज्याला कोणी हाक मारणार नाही असं—

शिवांश. होस्टेलवर वाढला. सुट्टीतही कुठे जायचा नाही, क्लासमध्येच बसून राहायचा. माझ्याशीच बोलायचा. त्याला आईवडील नाहीत. त्याची वाट पाहणारं माझ्याशिवाय तसं कुणी—